दोरा संपला की बोलायचं

पश्मिन्याची शाल. ठशांनी छापलेली, वरून रेशमानं भरलेली. ती मी कढत पाण्यात रिठे आणि पापडखार घालून, धोपटण्यानं बडवून धुतली. लोकरीतलं ज्यांना थोडंफार कळतं त्यांनी आता कपाळाला हात लावला असेल. लावा. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, नांदूरघाटाहून बीडला सून म्हणून येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि सोवळंओवळं आपल्याइतकं अख्ख्या बालाघाटात कुणाला कळत नाही अशी माझी समजूत होती. असली समजूत असलेली पोर घरात आली की किमती वस्तू उंच फळीवर ठेवाव्यात.

पण मी लिहायला बसले ती त्या पोरीसाठी नव्हे. अमीनाबूबूसाठी. ती शाल तिनं भरली होती, आणि मी धुतल्यावर जे झालं तेही तिनंच निस्तरलं. ते सगळं डोळ्यांनी पाहिलेली आमच्या घरात आता मी एकटीच उरले आहे.

अमीनाबूबू बोलायची ती फक्त दोरा संपला की. सुईत दोरा आहे आणि सुई कापडात चालली आहे तोवर तुम्ही तिच्या कानाशी ताशा वाजवा, ती हूं की चूं करायची नाही. दोरा संपला, गाठ मारली, दातानं तोडला की नवा ओवेपर्यंत जेवढा वेळ जाईल तेवढ्यात तिचं बोलणं. दोरा ओवला की वाक्य जिथं असेल तिथं खलास. पहिल्यांदा मी तिला "बूबू, तुमचं गाव कोणतं?" असं विचारलं आणि उत्तर नाही म्हणून आत निघून गेले, मनातल्या मनात चिडून. ताक करून बाहेर आले तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "धारूर." मला प्रश्नच आठवेना.

"असं कावून करता हो बूबू?" मी एकदा विचारलं. तेवढ्यापुरता दोरा संपलेला होता.

"अगे दुल्हन, सुई आन् जीभ दोगी संगट चालल्या का दोगी झूट बोलत्यात," ती म्हणाली. "टाका बी झूट, बोलनं बी झूट. म्हनून एकीनं चालायचं, एकीनं बसायचं." आणि दोरा ओवला.

उंच, वाळकी, कपाळावर देवीचे वण, नाकात चांदीची बारीक मोरणी. कामाला बसली की हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची, रेशमात अडकू नयेत म्हणून. सुई ठेवायची जागा ओढणीवर, डाव्या खांद्याला. पान तिला जिवापेक्षा प्यारं, पण कापड मांडीवर असताना खायची नाही. सकाळी आमच्या ओसरीच्या पहिल्या खांबाशी बसायची आणि उन्हाबरोबर सरकत सरकत जायची. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही माई म्हणायचो, कुकर नसलेल्या त्या काळात बूबूवर भात लावायच्या. "सूनबाई, बूबू कुठवर आली?" "दुसऱ्या खांबाशी, माई." "मग टाक तांदूळ."

आता ती आमच्याकडे का बसायची ते सांगते. माझे सासरे तहसील कचेरीत पेशकार होते. नणंदेचं, वेणूवन्संचं, लग्न हैदराबादच्या एका वकिलाच्या मुलाशी ठरलं होतं. व्याही भारी माणूस; दरबारात ऊठबस. व्याहीभेटीत त्यांच्या खांद्यावर घालायला सासऱ्यांनी साध्या दुधाळ रंगाचा पश्मिना आणवला, आणि बिंदुसरेकाठच्या बाबनभाई रंगाऱ्याकडे छापायला दिला. बाबनभाई हा अमीनाबूबूचा धाकटा भाऊ. त्यानं ठशांनी कोयऱ्या छापायच्या आणि बहिणीनं त्यांवर रेशीम भरायचं, अशी ती जोडी होती.

बाबनभाईंचे हात मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा घाबरले होते. उजवा कोपरापर्यंत मंजिष्ठेसारखा लाल, डावा निळा. जणू दोन माणसांचे हात एकाला लावले होते. छापलेली शाल त्यांनी दोन्ही हातांवर, मूल आणावं तशी आणली. पदरावर मोठ्या कोयऱ्या, आत वेल, कडेला निळी जाळी. माईंनी ओसरीच्या कडेला उभं राहून विचारलं, "रंग जाणार नाही ना रे?"

"गार पान्यानं जाईल तर ठसे बिंदुसरेत सोडून दीन, माई," ते म्हणाले. मी तेव्हा त्यांच्यासाठी गुळाचा खडा आणायला आत गेले. पुढचं ऐकलं नाही. पुढे ते म्हणाले होते, "पन कढत पान्याजवळ नेऊ नका. लोकर हाय, आन् रंगबी गारव्यातला हाय." हे मला नंतर कळलं. माझ्या कानात राहिलं ते एवढंच, की या शालीचा रंग जात नाही.

किमती वस्तू बाहेर कशी धाडायची, म्हणून बूबू ओसरीवर येऊन भरायची. सांजेला माई शाल घडी करून कडुनिंबाच्या पाल्यासह पेटीत ठेवायच्या. मी जवळ बसून रेशमाच्या लडी सोडवून द्यायची. प्रत्येक कोयरीला बूबूनं नाव ठेवलं होतं. "ही बघ, पोटाळी. ही तहसीलदारीन. ही मान वाकडी करून बसलीय, ही तुज्या शेजारची काकू." शेजारच्या काकूंची मान खरंच तशीच होती. मी हसून लडीचा गुंता केला की म्हणायची, "हसून घे माँ, पन गुंता तूच सोडव."

आणि एक गोष्टही चालू होती. कुणा नवाबाचा हत्ती हरवतो आणि तो शोधायला एक तेली निघतो. दोऱ्यादोऱ्यानं ती गोष्ट श्रावणापर्यंत आली. हत्ती एका विहिरीत डोकावतो इथवर आम्ही पोचलो होतो.

श्रावणात एका सोमवारी दुपारी, बूबूला लवकर घरी धाडून, घरातली सगळी कंकालेश्वराला गेली. मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले. माझ्या डोक्यात निराळंच होतं. ही शाल पेटीत माईंच्या सोवळ्याच्या लुगड्याला लागून असते. ती महिनोन्‌महिने बूबूच्या मांडीवर असते. घरात कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मग कुणाच्या लक्षात आलं? माझ्या! मी ती धुऊन, शुद्ध करून, घडी घालून ठेवीन, आणि सगळी परत आली की हळूच सांगेन. माई म्हणतील, बघा, नांदूरघाटची पोर, किती जपते! ज्या बूबूच्या मांडीशी बसून मी सकाळी हसत होते, तिचाच विटाळ काढायला दुपारी मी चूल पेटवली. यात काही वावगं आहे हे त्या शहाणीला शिवलंसुद्धा नाही. आज लिहिताना हात थांबतो तो इथंच, धुण्यापाशी नाही.

हंडाभर पाणी कढवलं. पहिल्याच बुचकळीला पाणी लाल झालं. शहाणं माणूस थांबलं असतं. मला वाटलं, मळ निघतोय. मी आणखी पापडखार घातला. दगडावर पसरून धोपटलं तेव्हा निळं लालात उतरलं आणि कोयऱ्यांचे डोळे सगळे ओघळले. वर बूबूचं रेशीम मात्र जसंच्या तसं, चकचकीत. जत्रेत पावडर लावून गेलेली बाई रडावी तशी ती शाल दिसायला लागली. आणि आटली. हातभर लांबी कुठं गेली देव जाणे. लोकर घट्ट होऊन घोंगडीसारखी झाली.

माझे तळवे लालभडक. घासले, राख लावली, चिंच लावली. जाईनात. मग ही हुशार पोर कुंपणाची मेंदी ओरबाडून, वाटून, दोन्ही हातांना लगदा थापून बसली. श्रावणच होता; कोण संशय घेणार?

माई आल्या. पेटी उघडण्याआधी मीच रडायला लागले आणि सांगितलं, "शाल वाऱ्यावर टाकली होती माई, माझ्या हातून तांब्या लवंडला. गार पाण्याचा."

शेजारच्या काकू मान वाकडी करून आल्याच. "बाई बाई! एका तांब्यानं एवढा रंग? कच्चाच लावलेला. आणि तरी मी म्हणतच होते, त्यांच्या हातची वस्तू सोवळ्याच्या पेटीत..."

माई वैतागलेल्या होत्या. म्हणाल्या, "उगाच काहीतरी बोलू नका. लोकरीला कुठला आलाय विटाळ? ही माझी धाबळी लोकरीची आहे म्हणूनच मी ती नेसून देवाचा स्वयंपाक करते. कुणाचा हात लागला म्हणून ती रोज धुते का?"

धाबळी समोरच खुंटीवर होती. आल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढे होती. मी मेंदीचे हात पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूबू आली. माईंनी काही न बोलता शाल पुढे केली. बूबूनं ती चिमटीत धरून चोळली. नाकाशी नेली. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मेंदी खरवडली होती. मनगटापर्यंत नुसता लाल चिखल, ना नक्षी ना ठिपका.

"दुल्हनची मेंदी लई रंगलीय, माई," ती म्हणाली.

माई म्हणाल्या, "तिला काय, मेंदी सुचते!" आणि आत गेल्या. बूबूला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला कळलं होतं.

थोड्या वेळानं सासऱ्यांनी बोलावलेले बाबनभाई अंगणात येऊन उभे राहिले. सासरे कचेरीला निघालेले, अंगात शेरवानी. त्यांनी आवाज चढवला नाही. "बाबन, तूच म्हणाला होतास ना?" एवढंच. बाबनभाईंनी शाल हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"गार पानी व्हतं?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओसरीवर बूबू, डाव्या खांद्यावर सुई. तिच्या हातात त्या क्षणी दोरा नव्हता. म्हणजे ती बोलू शकत होती. तिनं तोंड उघडलेलंही मी पाहिलं. खरं बाहेर आलं तर त्याच दिवशी मला गाडीत घालून नांदूरघाटाला पोचतं करतील आणि परत न्यायला कुणी येणार नाही, हे मला ठाऊक होतं. तेव्हा असं व्हायचं.

बूबूनं तोंड मिटलं. खांद्यावरची सुई काढली, दोरा ओवला, आणि जवळ पडलेल्या एका चिंधीत घाईघाईनं टाके घालायला लागली. चिंधीत. काही भरायचं नव्हतं, काही जोडायचं नव्हतं. सुई चालू झाली की अमीनाबूबू बोलत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि तिनं स्वतःलाही तेच सांगितलं असावं.

"हो," मी म्हणाले. "गार. तांब्यातलं."

बाबनभाईंनी शाल घडी करून ओसरीवर ठेवली. "मंग माजाच हात चुकला. छापताना खार जास्ती पडला आसंल, म्हनून रंगबी गेला आन् लोकरबी आटली," ते म्हणाले. संध्याकाळी ते सागवानी ठसे पोत्यात भरून नदीवर गेले. बिंदुसरेला श्रावणातलं पाणी होतं.

शालीचं पुढे काय झालं? बूबूनं तिला वाचवलं. जिथं रंग ओघळला तिथं तिनं रेशीम भरलं. कडेनं नाही, अख्खी कोयरी, अख्खी वेल, अख्खी जाळी. आटलेल्या पदरांना वेगळी किनार जोडून तीही भरली. तुळशीचं लग्न होईपर्यंत ती रोज ओसरीवर होती, पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत. भावानं छापलेलं एकेक फूल तिनं स्वतःच्या सुईखाली झाकून टाकलं. वेणूवन्संच्या लग्नात व्याह्यांनी शाल उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "पेशकारसाहेब, असं भरीव काम हैदराबादेतसुद्धा मिळायचं नाही." आमचं नाक राहिलं. त्या कामाखाली कधीकाळी छपाई होती हे कुणालाच दिसलं नाही.

त्या महिन्यांत बूबू माझ्यावर एकदाही रागावली नाही. दोरा संपला की नुसता दुसरा ओवायची. तेवढंच. मी लडी सोडवून द्यायची, ती घ्यायची. एकदा धीर करून विचारलं, "बूबू, हत्तीचं पुढं काय झालं?" तिनं दोरा तोडला, नवा घेतला, ओवला. हत्ती त्या विहिरीत डोकावतोय तो आजतागायत.

बाबनभाईंना गल्लीतल्या कुणी पुन्हा कापड दिलं नाही, आणि द्यायला गेले असते तरी ठसे कुठं होते? ते डोंगरातून सीताफळं आणून विकायला लागले. दसरा झाला की डोक्यावर पाटी घेऊन आमच्याही दारावरून जायचे. पहिल्या वर्षी हातांवर रंग अजून होता, नखांच्या कडेला. पुढच्या वर्षी हात स्वच्छ झाले. मी फळं घ्यायची तेव्हा त्या स्वच्छ हातांकडे बघायची नाही.

वर्षं गेली. मला मुलं झाली, माई गेल्या, पेटीच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या. बूबूची नजर अधू झाली, पण ती यायची; आता दुलया टाचायला. सुईत दोरा ओवणं तिला जमेना, तो मी ओवून द्यायची. गंमत बघा, आता तिचं बोलणं माझ्या हातात होतं. मी जितकी सावकाश ओवीन तितकी ती बोलणार. आणि तरी आमचं बोलणं व्हायचं ते मुलांचं, पावसाचं, गुडघ्यांचं.

एका दुपारी मी दोरा ओवला, सुई तिच्या हातात दिली आणि मुद्दामच ती टाका घालायला लागल्यावर म्हणाले, म्हणजे तिला लगेच उत्तर देता येऊ नये, "बूबू, ती शाल मी धुतली होती. कढत पाण्यात. तांब्याचं खोटं होतं."

तिची सुई थांबली नाही. तो दोरा लांब ओवलेला होता. मीच ओवला होता, माझीच करणी. मी तिच्यासमोर बसून तो पूर्ण संपेपर्यंत वाट पाहिली. असा लांब दोरा मी जन्मात पाहिला नाही. शेवटी तिनं गाठ मारली आणि दातानं तोडला.

"मला कावून सांगती, दुल्हन? मला तवाच ठावं व्हतं. बोलले न्हाई, कारन तू पोर व्हतीस, तुला परत धाडली असती. बाबन मर्दगडी, कायबी करून खाईल म्हनले. पन त्याला अजून वाटतं त्याचाच हात चुकला. म्या त्याला लई येळा सांगितलं, तुजा रंग पक्का हाय. तो इचारतो, तुला कसं ठावं? तिथं तुजं नाव घ्यावं लागतं, आन् ते म्या घेत न्हाई. तू सांग त्याला." मग सुई माझ्यापुढे धरून म्हणाली, "ओव."

मी हो म्हणाले. त्या वर्षी दसऱ्यानंतर बाबनभाई पाटी घेऊन आले तेव्हा ओसरीवर पाहुणे होते. पुढच्या खेपेला सून उभी होती. त्यानंतरच्या खेपेला कुणी नव्हतं, म्हणून मी पाटीभर सीताफळं घेतली आणि काही बोलले नाही. घरात सगळ्यांना सीताफळांचा वीट आला. बूबूनं मला पुन्हा कधी विचारलं नाही. उन्हाळ्यात ती गेली. तिच्या ओढणीच्या डाव्या खांद्यावर सुया खोचून खोचून बारीक भोकांची चाळण झाली होती, असं तिला आंघोळ घालणाऱ्या बायकांनी सांगितलं.

त्यानंतरच्या दसऱ्याला मी दारातच उभी राहिले. बाबनभाईंनी पाटी खाली ठेवली. म्हातारे झाले होते. मी सगळं सांगितलं. कढत पाणी, रिठे, पापडखार, धोपटणं, मेंदी. गल्लीतल्या दोन बायका थांबून ऐकायला लागल्या. ऐकू दे म्हटलं.

त्यांनी पाटीतलं एक सीताफळ उचललं आणि परत ठेवलं. मला वाटलं शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटलं. मग ते म्हणाले,

"आपा मरस्तोवर म्हनत व्हती, बाबन, तुजा रंग पक्का हाय. म्या म्हनायचो, भावाचं मन राखाया झूट बोलती. शेवटाला तर म्या तिच्याकडं जानं बी सोडलं व्हतं, बाई. आता तिला कुठं जाऊन सांगू, तू खरं बोलत व्हतीस म्हनून?"